थोरल्या काकीचा पासवर्ड

“किल्ली कुणाला सांगायची न्हाई, असं तुम्हीच शिकिवलंसा न्हवं, बाई? मग आता तुम्हीच मागाय लागलासा?”

इतकी वर्षं लोटली, तरी थोरल्या काकीचा तो आवाज माझ्या कानात तसाच आहे. भरदार, जरासा खर्जातला, जात्याच्या घरघरीत मुरलेला. वाचनालयाच्या खोलीत काकी खुर्चीवर ताठ बसलेली. एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी झापड, दुसऱ्यात पिकायला आलेला मोतीबिंदू. तिच्या शेजारी कॉम्प्युटरपुढं मी, घामानं निथळत. बाहेर ऊन कलायला लागलेलं. संध्याकाळच्या आत आमच्या वेबसाइटचं कुलूप उघडलं नसतं, तर पुण्याच्या दुकानाची ऑर्डर हातची जाणार होती. आणि कुलपाची किल्ली काकीच्या ओठांआड होती.

मी मिरजेची. कॉम्प्युटरची परीक्षा नुकतीच दिलेली. एका संस्थेनं मला खानापूर तालुक्यातल्या कारंजवाडीला धाडलं, ते गोधड्या शिवणाऱ्या बायकांना इंटरनेट शिकवायला आणि त्यांच्या गटाची वेबसाइट उभी करून द्यायला. त्या भागातले निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात. सोन्याचांदीची आटणी करायची आणि त्यापायी मुलूखभर पांगायचं. कुणी गुंटूरला, कुणी रांचीला, थोरल्या काकीचे यजमान तात्या कोइमतुरात. जत्रेला यायचे, चार दिवस गाव भरल्यासारखं दिसायचं, पुन्हा बायका आणि गोधड्या. जुन्या लुगड्यांचे पदर जोडत बसायच्या आणि टाक्याटाक्याला गात राहायच्या.

पहिल्या दिवशी मालननं कॉम्प्युटरवर टिचकी मारून विचारलं, “बाई, इंटरनेट इंटरनेट म्हणत्यात त्यो ह्योच का डबा?”

“नाही हो मालनताई. हा डबा म्हणजे आपलं घर. इंटरनेट म्हणजे साऱ्या जगातल्या घरांना जोडणारे रस्ते.”

“म्हंजे गावचा रस्ता करायला ह्यांना फुरसत न्हाई, आन् जगाचं रस्तं झालं व्हय तयार!”

खोली हसली आणि शिकवणीला तोंड लागलं. पुस्तकातल्या व्याख्या मी वहीत लिहून नेल्या होत्या. त्या पहिल्याच तासाला बाजूला ठेवाव्या लागल्या. ब्राउझर म्हणजे घराची खिडकी, तिच्यातून बाहेरचं बघायचं. वेबसाइट म्हणजे त्या रस्त्यावरचं दुसऱ्याचं घर. वरच्या पट्टीत लिहितो तो त्या घराचा पत्ता. त्यात एक टिंब चुकलं तरी पाहुणा भलत्याच दारात. होमपेज म्हणजे घराचा सोपा. आल्यागेल्यानं आधी तिथं टेकायचं, मग कुठल्या खोलीत जायचं ते ठरवायचं.

“आन् पत्ताच ठावं नसला तर?” मालननं विचारलं.

“तर सर्च इंजिनला विचारायचं. ते स्वतः कुणाचं घर नाही. पण कोण कुठं राहतं, कुणाकडं काय मिळतं, सगळं त्याला माहीत.”

सगळ्यांच्या माना एकदम सुंदरामावशीकडं वळल्या. गावात कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, हे मावशीला त्या घराच्या आधी कळायचं.

“माझ्याकडं का बघताय गं सटव्यांनो?” मावशी फणकारली. “मी काय गावभवानी हाय?”

“मावशी, तुम्हाला विचारल्याबिगर पोस्टमन तरी पुढं जातो का?”

मावशीनं क्षणभर विचार केला. “न्हाई जात. ते बाकी खरं हाय.” आणि मग जरा ऐटीत पदर सारखा केला.

सर्व्हर समजावताना मात्र माझी गाडी अडली. “वेबसाइट ह्या डब्यात नसते. ती दूर कुठं तरी एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते,” असं मी तीन तऱ्हांनी सांगितलं. सगळ्यांचे चेहरे कोरे. तेवढ्यात थोरली काकी सुईतला दोरा दातांनी तोडत म्हणाली, “अगं, गावाची लग्नातली भांडी देवळाच्या खोलीत असत्यात का न्हाई? आपलं घर बंद असलं तरी ज्याला पायजेत त्याला ती भांडी मिळत्यात. तसंच आसंल.”

“अगदी तसंच,” मी म्हटलं.

“मग सरळ सांगायचं की.”

पुढं सोपं झालं. अपलोड म्हणजे एस.टी.च्या टपावर बोचकं चढवायचं, डाउनलोड म्हणजे आपल्या गावात उतरवून घ्यायचं. आज शिकवलेलं उद्या काकीच्या ओवीत येऊन बसायचं. धावदोरा घालता घालता ती सहज म्हणून जायची:

ब्राउझर बाई माझ्या भिंतीला गं खिडकी
बसल्या जागी डोळा घेतो मुलखाची गिरकी

लिंकेचा निळा धागा बोटानं मी दाबिला
उंबरा न ओलांडता दूर मुलूख गाठिला

मग बाकीच्या तीच ओळ उचलायच्या. खोलीच्या दारात येऊन थांबलेल्या माणसाला वाटलं असतं, आत लग्नाची हळद दळायला बसल्यात.

पासवर्डाचा दिवस आला, त्या दिवशी मी गंभीरपणे सांगितलं, “पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. असा शब्द निवडा, जो तुम्ही कधीही, कुणाहीपुढं तोंडानं उच्चारणार नाही. अगदी मलासुद्धा सांगायचा नाही.”

मला वाटलं होतं, बायका विचारात पडतील. कसलं काय! जरा माना खाली, जराशी खुसखुस, आणि एकेका बोटानं टकटक करत साऱ्याजणींनी झटक्यात आपापल्या ईमेलला कुलपं लावून टाकली. पडद्यावर नुसत्या टिकल्या उमटत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालनचं कुलूप उघडेना.

“काय लिहिलं होतंत?” मी विचारलं.

“अगं बया! ते कसं घिऊ तोंडानं?” तिनं पदर तोंडाला लावला.

“का?”

“बाई, तुमचं लगीन व्हायचंय, तुम्हाला न्हाई कळायचं,” मावशी मध्येच म्हणाली. “घरधन्याचं नाव घातलं आसंल तिनं. मीबी तेच घातलंय.”

“मीबी,” मागून एक आवाज आला. “मीबी.” “मीबी.”

मी कपाळावर हात मारला. “अहो, पण ही नावं साऱ्या गावाला माहीत आहेत!”

“माहीत असंनात. घेतंय कोण?” मालन म्हणाली. “न बोलायचा शबूद म्हणालासा तुम्ही. त्याच्यापरीस न बोलायचा शबूद बाईमाणसाकडं दुसरा कुठला?”

“उखाण्यात घेता की!”

“त्यो उखाणा. त्यो वेगळा.”

“मग आता घ्या उखाणा. नाहीतर कुलूप उघडायचं कसं?”

मालन उठली. पदर खोचला, लटकं लाजली आणि कॉम्प्युटरला नमस्कार करून म्हणाली:

“माऊसाच्या शेपटीला धरते मी हातात,
संपतरावांचं नाव ठेवलंय पासवर्डात!”

हसून हसून सुंदरामावशीला ठसका लागला. कुलूप उघडलं, आणि त्याच क्षणी मला म्हणावं लागलं, “मालनताई, आता पासवर्ड बदला!” त्या दिवशी सगळ्यांचेच बदलले. कुणी म्हशीचं नाव घातलं, कुणी माहेरच्या ओढ्याचं, शेवटी आकडे जोडले.

एकटी थोरली काकी जागची हलली नाही. “माझं बदलायचं न्हाई. माझं कुणाला घावायचं न्हाई.”

“काकी, तात्यांचं नाव घातलंय ना?”

काकी नुसती गालात हसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. म्हणूनच वेबसाइट तयार झाल्यावर तिची किल्ली कुणाकडं ठेवायची, यावर वाद झाला नाही. साऱ्या गावाची गुपितं जिच्या पोटात राहतात, तिच्याकडंच. वेबसाइट बायकांची, तर किल्लीही बायकांच्याच हातात, असा आमच्या संस्थेचा नियम होता. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि काकीनं पासवर्ड घातला.

आणि मग ती दुपार आली.

सकाळी पुण्याच्या दुकानातून एका बाईंचा फोन. आवाज गोड, पण घाईतला. “तुमच्या साइटवर अजून जुन्याच गोधड्या दिसताहेत. नव्यांचे फोटो संध्याकाळी सहापर्यंत चढवा. आमची बैठक आहे. थंडीच्या प्रदर्शनाला कुणाचा माल घ्यायचा, ते आजच ठरणार.”

गटाची ती पहिली मोठी ऑर्डर. फोटो माझ्याकडं तयार होते. काकी आदल्याच दिवशी मिरजेहून डोळ्याचं ऑपरेशन करून परतली होती. पडदा तिला धुरकट दिसत होता, कीबोर्डवरची अक्षरं तर मुळीच नाही. मी म्हटलं, त्यात काय! ती कानात सांगेल, मी टाइप करीन.

पण काकी सांगेना.

पासवर्ड विसरला असं कळवलं, की नवा ईमेलवर येतो. मी तेही करून पाहिलं. पण ते पत्र गेलं काकीच्याच ईमेलवर, आणि त्या ईमेललाही तिनं तेच कुलूप लावलेलं! मालननं कपाळ बडवलं. “किल्ली पेटीत आन् पेटीला त्येच कुलूप! काकी, तू धन्य हाईस.”

दाराशी तात्या उभे होते. बायकोच्या ऑपरेशनसाठी कोइमतूरहून आलेले. पांढरी विजार, खांद्यावर पंचा, बोटांवर आटणीच्या भट्टीचे जुने डाग. इतका वेळ ते मजा बघत होते. आता खाकरून आत आले.

“त्यात एवढं काय इचारायचं? माझंच नाव आसनार. ती बिचारी घेनार कशी? घाला, बाई. रंगराव.”

बायका खुदखुदल्या. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी घातलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: चुकीचा पासवर्ड.

“राव काढा की. घरच्या माणसाला कशाला राव? आई मला रंगू म्हणायची, त्ये घाला.”

चुकीचा पासवर्ड.

आता खुदखुद थांबली. तात्यांनी काकीकडं पाहिलं. काकी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“मग हिचंच नाव आसंल. इंदुमती.” तात्यांचा आवाज परत उजळला. “बाई, तुम्हाला म्हणून सांगतो, ह्ये नाव मी ठिवलं. शाळंत आसताना पुस्तकात वाचल्यालं. तवाच ठरिवलं हुतं, बायकू येईल तिचं नाव इंदुमती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिवलं, तर भटजी म्हणाला, काय मोत्यावाणी अक्षर हाय पोराचं! घाला, बाई. इंदुमतीच आसनार.”

मला बोट पुढं करवेना. तरी घातलं.

चुकीचा पासवर्ड. आणि खाली सूचना: आणखी एकदा चुकलात तर खातं उद्यापर्यंत बंद राहील.

सुंदरामावशीला राहवेना. “गाईचं घातलंस का गं? इट्टलाचं?”

“गप्प बसा, मावशी,” मालन कुजबुजली.

तात्या दोन पावलं मागं सरले. “माझं न्हाई. तुझं न्हाई. मग हाय तरी कुणाचं नाव?”

तात्या बाहेर जाऊन पायरीवर बसले. तंबाखू तळहातावर घेतली, चुना घ्यायचा विसरले, नुसतीच चोळत राहिले.

मी काकीचा हात धरून तिला मागच्या अंगणात नेलं. कडुनिंबाखाली उभी केली. “काकी, मला एकटीला सांगा. मी टाइप करीन आणि विसरून जाईन. शपथ.”

“तुम्हाला सांगायची मला लाज न्हाई, बाई.” तिनं झापडीखालून झिरपलेलं पाणी पदरानं टिपलं. “पर तुम्हाला कळलं आन् ह्येंना न्हाई कळलं, तर ह्येंच्या मनात त्यो शबूद काट्यावाणी ऱ्हाणार. सांगावं तर ह्येंचं मन मोडतंय, न सांगावं तर बायकांची ऑर्डर मोडती. तुम्हीच सांगा, काय मोडू?”

आतून मालनचा आवाज आला, “बाई, पाच वाजून गेलं!”

निंबोळ्या पडत होत्या, एक काकीच्या खांद्यावर पडली, ती तिनं झटकली नाही. मग म्हणाली, “गोधडीत सगळ्यात जुनं लुगडं कुठं घालत्यात, ठावं हाय का?”

“कुठं?”

“मधी. कुणाला दिसत न्हाई. पर ऊब त्येचीच आसती.” आणि माझा हात सोडून, भिंत चाचपत, तीच पुढं निघाली.

खोलीत येऊन ती खुर्चीवर बसली नाही. दाराच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली. “अवो, आत या. तिथनं आयकू यायचं न्हाई. आधी तुमी ऐका, मग कॉम्प्युटर ऐकंल.”

तात्या उंबऱ्यात येऊन थांबले. चेहरा आटणीनंतरच्या राखेसारखा.

“बाई, बसा. लिवा.” काकीनं एक श्वास घेतला. “हौसा.”

मी टाइप केलं. पडद्यावर टिकल्या उमटल्या. बाण क्षणभर गोल गोल फिरला, आणि आमच्या वेबसाइटचं दार सताड उघडलं.

“उघडलं गं बाई, उघडलं!” मालननं टाळ्या पिटल्या. मी एकेक फोटो चढवायला घेतला. फोनच्या तारेवरचं ते इंटरनेट, बैलगाडीच्या चालीनं चाललेलं; एकेका गोधडीला वर चढायला चहा उकळावा तेवढा वेळ. हिरव्या काठाची चढली, जांभळ्या चौकटींची चढली, मालनची मोरांची चढली तेव्हा ती देवाला हात जोडून उभी होती. शेवटची जागेवर बसली आणि मी पुण्याला फोन लावला. पलीकडून कळफलकाचा खडखडाट, मग तो गोड आवाज: “दिसल्या हो! सुरेखच आहेत. बैठकीत मांडते.” अर्ध्या तासानं त्यांचाच उलटा फोन आला. प्रदर्शनाला गोधड्या कारंजवाडीच्याच.

खोलीत मग जो गलका झाला, तो मी काय सांगू! मावशीनं मालनला मिठी मारली, मालननं मला, कुणी तरी मला पेढ्याऐवजी गुळाचा खडा चारला. कुणी ओवी उचलली, ती अर्ध्यावरच हसण्यात बुडाली.

त्या गलक्यात एकच माणूस हललं नव्हतं. तात्या उंबऱ्यातच होते, हातातली तंबाखू तशीच.

आणि सुंदरामावशी ती सुंदरामावशी. “पर काकी, ही हौसा कोण गं? तुझी भैन व्हय?”

“न्हाई. मीच.”

“तू?” तात्या म्हणाले. “आगं, तू तर इंदुमती.”

काकी त्यांच्या आवाजाच्या रोखानं वळली. हिरव्या झापडीखाली तिचे ओठ आधी हसले, मग थरथरले, मग पुन्हा हसले.

“नाव लई देखणं ठिवलंसा. रेशनकार्डावर दिसलं तरी बरं वाटतंय. तुमचं मन मोडंल म्हणून आजवर बोलले न्हाई. पर तुमी ते नाव ठिवलंसा, हाक कुठं मारलीसा? ‘ऐकलंस का’ म्हणालासा, ‘अगं’ म्हणालासा. सासूबाई थोरली म्हणायच्या, पोरं आई म्हणत्यात, गाव काकी म्हणतंय. मामानं मला वाढिवलं, त्यो हुता तवर तेवढा एक हौसा म्हणायचा. त्यो गेला. मग मला वाटलं, ही पोरगी आता कुणाच्याच तोंडात ऱ्हायली न्हाई, मरून जाईल बिचारी. म्हणून मीच तिला हाक मारत आले. तुमी तिकडं कोइमतुरात, पोरं निजल्याली, सारं घर गप. चुलीम्होरं माझा डोळा लागायचा, आन् मीच मला म्हणायची, ‘हौसा, ऊठ गं बाई, दूध उतू चाललंय.’”